बोरघाटातला खेकडा आणि परत येणारी वीज

"जितना ब्रेक, उतना चार्ज, साहब!"

लखनौमध्ये चारबागहून आलमबागच्या दिशेने जाताना विजेवर चालणाऱ्या टॅक्सीच्या चालकाने मला हे सांगितले, आणि पुराव्यादाखल समोरच्या पडद्याकडे बोट दाखवले. तो प्रत्येक चौकापर्यंत गाडी जोरात पळवी आणि शेवटच्या क्षणी ब्रेक दाबी. ब्रेक दाबताच पडद्यावरची हिरवी पट्टी उजळे आणि बॅटरीकडे वीज जात असल्याचा बाण दिसे. पट्टी जितकी लांब, तितका त्याचा आनंद मोठा. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाने अशा वेळी काय बोलावे? मी गप्प बसलो. त्याचे म्हणणे सपशेल चूक असते तर बोललो असतो. ते अर्धे खरे होते, आणि अर्धे खरे दुरुस्त करायला वेळ लागतो.

हा लेख म्हणजे तो राहून गेलेला वेळ आहे. त्यासाठी आपल्याला लखनौहून बोरघाटात जावे लागेल आणि पुन्हा लखनौला यावे लागेल. कारण 'ब्रेक मारताना वीज परत मिळते' ही कल्पना आपल्याकडे मोटारगाडीबरोबर आलेली नाही. ती १९२०च्या दशकाच्या अखेरीस रेल्वेबरोबर आली, नंतर देशाच्या बहुतांश विद्युत रेल्वेतून जवळजवळ चार दशके हरवली आणि मग परतली. ती का हरवली हे कळले, तर त्या हिरव्या पट्टीचा अर्थही कळतो.

आधी थोडे गणित. साधारण १६०० किलो वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे २,२२,००० ज्यूल, म्हणजे ६२ वॉट-तास होते. अशी मोटार शहरात एका किलोमीटरला ढोबळमानाने १४० वॉट-तास खर्च करते. म्हणजे संपूर्ण थांबण्यातून शंभर टक्के ऊर्जा परत मिळाली, तरी ती साडेचारशे मीटर जाण्यापुरतीच. शंभर टक्के अर्थातच मिळत नाही. चाकापासून गिअर, मोटर, इन्व्हर्टर आणि बॅटरी या साखळीत प्रत्येक कडी थोडी थोडी कपात करते, आणि बॅटरीपर्यंत सुमारे ८० टक्के पोहोचते. तीच ऊर्जा पुन्हा चाकाकडे नेताना तीच साखळी उलट्या दिशेने पुन्हा तेवढीच कपात करते. ०.८ गुणिले ०.८ म्हणजे ०.६४. शंभर रुपये बँकेत ठेवले आणि काढताना चौसष्ट हाती आले, असा हा व्यवहार. न ठेवता उधळून टाकण्यापेक्षा तो नक्कीच बरा. पण व्याज मिळते आहे असे समजून पुन्हा पुन्हा पैसे ठेवत राहणारा माणूस मात्र फसतो.

आता इतिहास. १८३४ मध्ये लेन्झने नियम मांडला, की चुंबकीय बदलामुळे निर्माण होणारा प्रवाह त्या बदलालाच विरोध करतो. रिजनरेटिव्ह ब्रेकिंगचे सगळे तत्त्व या एका वाक्यात आहे: फिरत्या मोटरकडून वीज काढून घ्यायला लागा, ती फिरायला विरोध करू लागते, तो विरोध म्हणजेच ब्रेक. मोटर आणि जनित्र ही दोन वेगळी यंत्रे नसून एकाच यंत्राच्या दोन वागणुका आहेत, हे जगाला ठसठशीतपणे दिसले ते १८७३च्या व्हिएन्ना प्रदर्शनात. तिथे ग्रामचे एक जनित्र दुसऱ्या चालू जनित्राला जोडले गेले आणि आपोआप मोटरसारखे फिरू लागले. त्यानंतर ही वागणूक गाडीत वापरण्याचे विचार सुरू व्हायला फार वेळ लागला नाही. अमेरिकेत फ्रँक स्प्रेगने १८८०च्या दशकात रेल्वेसाठी असे प्रयोग केले. पॅरिसमध्ये लुई अंत्वान क्रिएजे याने १८९०च्या दशकात घोडागाड्यांच्या पुढच्या चाकांना मोटरी बसवल्या, आणि ब्रेक लावताना वीज परत मिळावी म्हणून त्यांत वेगळे वेटोळे दिले. म्हणजे विजेवर चालणारी, वीज परत करणारी टॅक्सी एकोणिसाव्या शतकातच रस्त्यावर आली होती. आमच्या आलमबागच्या चालकाचा पूर्वज पॅरिसचा होता म्हणायला हरकत नाही.

मग अडले कुठे? इंग्लंडमधल्या ट्रामचा अनुभव याबाबतीत बोलका आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी जॉन रावर्थ याची ऊर्जा परत करणारी पद्धत डेव्हनपोर्ट, रॉटनस्टॉल, बर्मिंगहॅम अशा अनेक गावांच्या ट्रामवर बसवली गेली. ट्राम उतरणीवर आली की तिच्या मोटरी वीज निर्माण करून वरच्या तारेत ढकलत. पण तारेत ढकललेली वीज कोणी तरी वापरायला हवी. जवळपास दुसरी ट्राम चढत नसेल, तर तारेचा दाब भलताच वाढतो. आणि वाटेत कुठे मंडल तुटले, तर वीज घेणारे कोणी उरत नाही आणि त्याच क्षणी ब्रेकही उरत नाही. १९११ मध्ये रॉटनस्टॉलला ट्रामचा गंभीर अपघात झाला आणि या पद्धतीवर बंदी आली. ती पुन्हा वापरात यायला सुमारे वीस वर्षे गेली.

मला वाटते, या विषयाच्या इतिहासात रॉटनस्टॉलचे महत्त्व कोणत्याही शोधापेक्षा जास्त आहे. घर्षणाचा ब्रेक कोणाची परवानगी मागत नाही. त्याने निर्माण केलेली उष्णता हवा निमूटपणे घेते. ऊर्जा परत देणाऱ्या ब्रेकला मात्र समोर घेणारा लागतो. घेणारा नसेल तर तो ब्रेकच नव्हे. पुढची सगळी हकीकत या एका अटीभोवती फिरते.

आता घाटाकडे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा बोरघाटातला मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. कर्जतकडून लोणावळ्याकडे सुमारे १५ मैलांत १८३१ फूट, म्हणजे जवळजवळ ५५८ मीटर चढायचे, आणि काही ठिकाणी चढ ३७ला एक, म्हणजे ३७ फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. शाळेत आपल्याला हा घाट चढणाऱ्या गाडीचे चित्र दाखवतात: पुढे इंजिन, मागून ढकलायला आणखी इंजिने. चढण्याचे कौतुक सर्वांना असते, पण रेल्वेच्या अभियंत्यांची झोप उडवली होती ती उतरण्याने. चढताना वाफ कमी पडली तर गाडी थांबते. उतरताना ब्रेक कमी पडला तर गाडी थांबतच नाही.

म्हणून घाटात कॅच सायडिंगची योजना होती. मुख्य रुळापासून एक फाटा उलट चढावर नेलेला असे. बेफाम झालेली गाडी त्यावर चढून आपोआप मंदावावी अशी त्यामागची कल्पना. उतरणारी गाडी तिथे थांबून, ब्रेक ठीक आहेत हे सिद्ध करी, आणि मगच सांधेवाला तिला मुख्य मार्गाचा सांधा देई. सायडिंगचा चढ हीसुद्धा ऊर्जा साठवणारी एक बॅटरीच, फक्त ती स्थितिज ऊर्जेची. (लंडनच्या सेंट्रल लाइनने १९०० मध्ये हीच युक्ती शहाणपणाने वापरली: स्थानके थोड्या उंचवट्यावर बांधली. गाडी स्थानकात शिरताना चढ तिला थोपवतो आणि निघताना उतार तिला ढकलतो. ना मोटर, ना तार, ना बॅटरी. आजही यापेक्षा काटकसरीचा ब्रेक मला ठाऊक नाही.)

उतरताना किती ऊर्जा हाताळावी लागते, पाहा. ५०० टनांची मालगाडी ५५८ मीटर खाली आली, तर तिची स्थितिज ऊर्जा सुमारे २७३ कोटी ज्यूलने, म्हणजे ७६० युनिटांनी कमी होते. चाकांचा आणि रुळांचा स्वाभाविक विरोध त्यातली शंभरेक युनिटे खाईल असे धरू. उरलेली साडेसहाशे युनिटे बिडाच्या ब्रेकच्या ठोकळ्यांनी आणि चाकांच्या कडांनी उष्णता म्हणून झेलायची. एवढ्या उष्णतेत साडेसात हजार लिटर पाण्याला उकळी फुटेल. ठोकळे तापून लाल होत, झिजत, त्यांची पकड सैल होई, आणि गाडी जितकी जड तितके हे भय जास्त. घाटातून नेता येणाऱ्या मालाची मर्यादा इंजिनाच्या ताकदीइतकीच या ठोकळ्यांच्या सहनशक्तीनेही ठरत असे.

मुंबईत पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेली. १५०० व्होल्ट एकदिश दाबाची ही तार १९२९ मध्ये बोरघाट चढून पुण्याला पोहोचली, आणि १९३० मध्ये कसारा घाटातून इगतपुरीला. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली. तिचे कौतुक आपण आजवर करत आलो आहोत. पण भौतिकशास्त्राच्या दृष्टीने त्या काळाचे खरे आश्चर्य तिच्या पुढ्यात नव्हते. ते मालगाड्यांच्या पुढे होते.

ते आश्चर्य म्हणजे ईएफ-१ वर्गाचे मालगाडीचे इंजिन, जे पुढे डब्ल्यूसीजी-१ म्हणून ओळखले गेले. स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुर इथल्या स्विस लोकोमोटिव्ह वर्क्स आणि इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्री या दोन कारखान्यांनी अशी एकूण ४१ इंजिने बांधली. ताकद २६०० अश्वशक्ती, वजन सव्वाशे टनांच्या आसपास, आणि वळणावर मुरडता यावे म्हणून सांधा दिलेले लांबट अंग. चाकांना जोडणारे दांडे बाजूने हलत, चालताना विचित्र सळसळ होई आणि उभे असतानाही ते कण्हल्यासारखा आवाज करी. आपल्या माणसांनी त्याला नाव दिले 'खेकडा'. युरोपात त्याच्या भाऊबंदांना 'मगर' म्हणत. मला आपले नाव अधिक नेमके वाटते.

या खेकड्याला घाट उतरताना वीज परत करता येई. ही गोष्ट वाटते तितकी सरळ नव्हती. त्या काळच्या रेल्वेची मोटर म्हणजे सीरीज मोटर. तिच्यात चुंबकाच्या वेटोळ्यातून आणि फिरत्या भागातून एकच प्रवाह एकापाठोपाठ एक जातो. ओढण्यासाठी ती उत्तम, कारण जोर जास्त लागला की प्रवाह वाढतो आणि प्रवाह वाढला की चुंबकही बळकट होतो. पण तीच मोटर जनित्र म्हणून वापरायला गेले, की हा गुण दोष ठरतो. प्रवाहाची दिशा उलटली की चुंबकाची दिशाही उलटते, आणि यंत्र तारेला वीज देण्याऐवजी तारेशी भांडू लागते. यावर उपाय म्हणजे चुंबकाला वेगळ्या छोट्या जनित्राकडून स्वतंत्र प्रवाह द्यायचा आणि तो कमीजास्त करून ब्रेकचा जोर सांभाळायचा. घाटातली इंजिने अशीच काबूत ठेवावी लागत. चालकाच्या हातात आता दोन गाड्या होत्या: चढताना ओढणारी, आणि उतरताना वीजघर झालेली.

आणि घेणारा? तो घाटातच होता. बोरघाटात एक गाडी उतरत असताना दुसरी चढत असेल, तर उतरणारीने दिलेली वीज त्याच तारेतून चढणारीला मिळे. विहिरीवरच्या रहाटाला दोन्ही टोकांना बादल्या बांधाव्यात, एक उतरताना दुसरी वर यावी, तसेच हे. फक्त मधला दोर तांब्याचा. वर केलेल्या हिशेबातल्या साडेसहाशे युनिटांपैकी ८० टक्के तारेत गेली असे धरले, तर एका मालगाडीमागे पाचशेहून अधिक युनिटे होतात. त्याहून मोठा लाभ हा, की ठोकळे थंड राहत. घर्षणाचा ब्रेक संपूर्ण क्षमतेसह राखीव राही, आणि खरोखर गरज पडली तेव्हा तो तिथे असे. काटकसर हा या यंत्रणेचा जोडफायदा होता. तिचा मूळ उद्देश घाटात माणसे वाचवणे हा होता असे मी म्हणेन.

इथून कथेला ते वळण मिळते, ज्यासाठी मी ही लांबण लावली. १९५७ मध्ये भारतीय रेल्वेने फ्रेंच रेल्वेच्या सल्ल्याने २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती दाबाची पद्धत स्वीकारली. निर्णय योग्यच होता. दाब जास्त म्हणजे प्रवाह कमी, तार बारीक, उपकेंद्रे दूर दूर. आपल्यासारख्या विस्तीर्ण आणि तेव्हाच्या गरीब देशाला तेच परवडणारे होते. योगायोग असा, की त्याच १९५७ साली दोन जुन्या संस्था एकत्र करून रेल्वेची अनुसंधान अभिकल्प आणि मानक संघटना, म्हणजे आरडीएसओ, स्थापन झाली आणि पुढे लखनौच्या मानकनगरात ती नांदली. देशातल्या इंजिनांचे आणि डब्यांचे मानक तिथे ठरतात. माझी टॅक्सी त्याच परिसराकडे चालली होती.

पण या नव्या पद्धतीत एक गोष्ट निसटली. इंजिनात तारेतला प्रत्यावर्ती प्रवाह एकदिश करून त्याच जुन्या सीरीज मोटरींना दिला जाई. हे काम आधी पाऱ्याच्या वाफेच्या नळ्या करत, पुढे सिलिकॉनचे डायोड करू लागले. डायोड म्हणजे एकाच दिशेने उघडणारे दार. वीज आत येते. बाहेर जायला वाटच नाही. त्यामुळे डोंगरदऱ्यांतून हजारो टन कोळसा आणि लोखंड वाहणाऱ्या आपल्या नव्या इंजिनांपैकी बहुतेकांना उतारावर वीज परत करता येत नसे. काही वर्गांत रिओस्टॅटिक ब्रेक होता. त्यात मोटरी जनित्र होतात खऱ्या, पण ती वीज छपरावरच्या रोधकांत जाळून टाकली जाते. घर्षणाचे ठोकळे वाचतात, ऊर्जा मात्र आकाशात जाते.

म्हणजे १९२९चा खेकडा जे करत होता, ते १९७९चे आधुनिक इंजिन करू शकत नव्हते. तंत्रज्ञानाचा इतिहास आपण जिन्यासारखा शिकतो: प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या वर. प्रत्यक्षात एका दिशेने चढताना दुसरीकडे उतरणेही होत असते. याला मी चूक म्हणणार नाही. स्वस्त, साधे, दुरुस्तीला सोपे इंजिन आणि झपाट्याने होणारे विद्युतीकरण यांच्या बदल्यात ही किंमत दिली गेली. मला खटकते ते एवढेच, की ही किंमत दिली गेली हे आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठे लिहिलेले नाही.

ते दार पुन्हा उघडले पॉवर इलेक्ट्रॉनिक्सने. १९९३ मध्ये एबीबी कंपनीशी करार झाला आणि १९९५ नंतर डब्ल्यूएपी-५ व डब्ल्यूएजी-९ ही त्रिकला मोटरींची इंजिने आली. १९९८ पासून चित्तरंजनला डब्ल्यूएजी-९ घडू लागले. यांतले कन्व्हर्टर दोन्ही दिशांनी चालतात, आणि वर २५,००० व्होल्टच्या तारेतून ट्रान्सफॉर्मरमार्गे वीज थेट राज्याच्या जाळ्यात जाऊ शकते. आता शेजारी चढणारी गाडी असलीच पाहिजे असे नाही. अख्खे जाळे घेणारा झाले. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २००७ पासून अशा गाड्या आल्या. ९ एप्रिल २०१६ रोजी एकदिश दाबावरची शेवटची लोकल धावली ती हार्बर मार्गावर, कुर्ल्याहून. जिथे १९२५ मध्ये हे सारे सुरू झाले होते तिथेच. दिल्ली मेट्रोने तर या ब्रेकमधून वाचलेल्या विजेवर कार्बन क्रेडिट मिळवले: २००४ ते २००७ या काळात १,१२,५०० मेगावॉट-तास वीज परत मिळाली आणि सुमारे ९०,००० टन कार्बन डायऑक्साइड टळला, असा तो दावा संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेकडे नोंदला गेला. जुन्या डायोडच्या पिढीतल्या डब्ल्यूएजी-७ इंजिनाला वीज परत करायला शिकवण्याचे काम भेलने केले आणि तसे इंजिन २०१९ मध्ये बाहेर पडले.

लखनौची मेट्रो ५ सप्टेंबर २०१७ रोजी ट्रान्सपोर्टनगर ते चारबाग अशी सुरू झाली आणि ८ मार्च २०१९ पासून विमानतळ ते मुंशीपुलिया अशी पूर्ण लांबीने धावते. टॅक्सीतून जाताना डोक्यावरून तिचा आवाज येतो. स्थानकात शिरताना उंचावरून खाली घसरत जाणारा तो सूर म्हणजे मोटरी जनित्र झाल्याची निशाणी. २२.८७ किलोमीटरांत २१ स्थानके. दर किलोमीटराला वेग घ्यायचा आणि टाकायचा. या ब्रेकसाठी याहून योग्य गाडी नाही: वजन प्रचंड, थांबे ठरलेले, आणि घेणारा सदैव हजर.

खाली रस्त्यावर मात्र घेणारा म्हणजे एकटी बॅटरी, आणि तिच्या मर्जीच्या मर्यादा आहेत. पहिली मर्यादा वेगाची. ६० च्या वेगावरून तीन सेकंदांत थांबायचे, तर त्या ६२ वॉट-तासांसाठी सरासरी ७४ किलोवॉट आणि पहिल्या क्षणी त्याच्या दुप्पट शक्ती बॅटरीने गिळायला हवी. इतका मोठा घास ती घेत नाही. उरलेला भाग घर्षणाचे ब्रेक मुकाट्याने उष्णतेत टाकतात. तेच थांबणे दहा सेकंदांत केले, तर सरासरी २२ किलोवॉट, आणि जवळजवळ सगळे पोटात जाते. माझ्या चालकाची पट्टी लांब दिसत होती खरी, पण लांब पट्टी म्हणजे त्या क्षणाची शक्ती. आपल्याला हवी असते ऊर्जा, आणि ती मंद, दीर्घ पट्टीत जास्त मिळते. पाय उचलून गाडीला नुसते सरकू दिले, तर ६०च्या वेगावरची हीच मोटार सपाट रस्त्यावर साधारण एक किलोमीटर जाईल. त्यात एकदाही विजेचे रूपांतर नाही, म्हणून कपातही नाही. (मागचा माणूस हॉर्न वाजवील, हे या हिशेबात धरलेले नाही.)

दुसरी मर्यादा धोक्याची आहे. गेल्या दिवाळीत आम्ही मावसभावाच्या विजेच्या मोटारीने लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरलो. दादाने हौसेने रात्रभर चार्जिंग लावून बॅटरी शंभर टक्के भरली होती. घाटात त्याने नेहमीप्रमाणे पाय उचलला आणि गाडी मंदावलीच नाही. एरवी पाय उचलताच मागून कोणी तरी ओढल्यासारखे व्हायचे, ते ओढणे नाहीसे झाले होते. "अरे, हिला झालंय काय?" म्हणत त्याने ब्रेक दाबला, ब्रेक चोख लागला आणि आम्ही नीट उतरलो, पण खाली पोहोचेपर्यंत तापलेल्या ब्रेकचा वास गाडीत आला. बॅटरीत जागाच नव्हती. घाटात आम्ही एकटेच रॉटनस्टॉलची ट्राम झालो होतो, फक्त आमच्याजवळ दुसरा, स्वतंत्र ब्रेक होता. मोटारींच्या ब्रेकविषयीचे नियम घर्षणाचा ब्रेक काढू देत नाहीत ते याचसाठी. संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच या नियमाने तर आणखी पुढचा विचार केला आहे: पाय उचलल्याने होणारे मंदन १.३ मीटर प्रति सेकंद वर्ग याहून जास्त झाले, तर मागचा लाल दिवा लागलाच पाहिजे.

त्या उतरणीचा हिशेब मी घरी मांडला. सुमारे ५५० मीटर उतार, १६०० किलो वजन: २.४ युनिटे. चौदाएक किलोमीटरांत हवा आणि टायर यांनी खाल्लेली ०.९ वजा केली, की दीड उरते, आणि बॅटरीपर्यंत सव्वा. चढताना त्याच गाडीने जवळजवळ ३.९ युनिटे घेतली असणार. म्हणजे परतावा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. रात्री नव्वद टक्क्यांवर चार्जिंग थांबवले असते, तर ती सव्वा युनिटे, आठ-नऊ किलोमीटरांची वीज, फुकट गेली नसती. आणि दादाचा जीवही टांगणीला लागला नसता.

सगळ्याच वाहनांना ही युक्ती सारखी फळत नाही, हेही सांगायला हवे. लखनौच्या रस्त्यांवर ई-रिक्षांचा पूर आहे. माणसांसह ६०० किलोची ई-रिक्षा ताशी २५ किलोमीटर या तिच्या कायदेशीर कमाल वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा फक्त चार वॉट-तास. वेगाचा वर्ग होतो, त्यामुळे वेग कमी झाला की मिळकत झपाट्याने आटते. त्यात शिसे-आम्लाची बॅटरी घाईने दिलेली वीज नीट घेत नाही. २००१ मध्ये बंगळुरूहून आलेल्या रेवा या छोट्या मोटारीत हा ब्रेक होता, आणि तिचीही बॅटरी शिशाचीच होती. कल्पना क्रिएजेच्या काळापासून तयार होती. तिला योग्य घेणारा मिळाला तो लिथियमच्या बॅटरीबरोबर.

पहिला खेकडा, 'सर लेस्ली विल्सन' नावाचा, आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभा आहे. मुले त्याच्या पायऱ्यांजवळ छायाचित्रे काढतात. दिल्लीला गेलात तर त्याच्या बाजूच्या दांड्यांकडे जरूर पाहा.

तो टॅक्सीचालक मला महिन्याभराने पुन्हा भेटला. या वेळी मी बोललो. शंभर रुपये ठेवायचे आणि चौसष्ट काढायचे, एवढेच सांगितले; लेन्झ आणि रावर्थ मध्ये आणले नाहीत. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मतलब कंपनी छत्तीस काट लेती है?" मी म्हटले, "भैया, कंपनी नहीं, क़ुदरत काटती है." हे त्याला पटलेले दिसले नाही. पण मवैयाच्या अलीकडे पुढचा सिग्नल लाल झालेला दिसला, तेव्हा त्याने दुरूनच पाय उचलला. पट्टी बारीक हिरवी झाली आणि बराच वेळ तशीच राहिली. मागच्या ई-रिक्षाने हॉर्न वाजवला.